दुपारी बाराला इंद्रधनुष्य का दिसत नाही?

(मागं पावसानं भिजलेलं सोयाबीनचं रान. कॅमेऱ्याकडं बघत.)

लेकरंहो, एक सांगा. जून महिना, दुपारचे बारा. पाऊस पडतोय आणि ऊनही आहे. इंद्रधनुष्य कुठं शोधाल? शोधूच नका! त्या वेळी आपल्या मराठवाड्यात ते आभाळात दिसूच शकत नाही. का, ते तुमची सावली सांगेल.

आधी थेंबात डोकावू. (फळ्यावर मोठा गोल काढत) हा पावसाचा थेंब. चित्रात काढतात तसा टोकदार नसतो बरं का, बारका थेंब जवळजवळ गोलच असतो. प्रकाश हवेत सेकंदाला सुमारे 3 लाख किलोमीटर पळतो, पाण्यात शिरला की सव्वादोन लाखांवर येतो. वेग बदलला की तिरपा आलेला किरण वाकतो. तुमच्या पुस्तकातलं अपवर्तन ते हेच. पण सगळे रंग सारखे वाकत नाहीत. तांबडा कमी वाकतो, जांभळा जास्त, म्हणून ते सुटे होतात. मग थेंबाच्या मागच्या बाजूवर आदळून परततात आणि बाहेर पडताना पुन्हा वाकतात.

तानापिहिनिपाजा पाठ आहे ना? पण सात हा आकडा फार मनावर घेऊ नका. 1666 च्या सुमारास न्यूटननं खिडकीच्या भोकातून आलेलं ऊन लोलकातून सोडलं, तेव्हा आधी पाचच मुख्य रंग मोजले होते. गाण्याच्या सात सुरांशी मेळ बसावा म्हणून पुढं सात केले. रंगांच्या मधे रेघ कुठंच नसते.

आता खरी गोष्ट: 42 अंश. थेंबातून प्रकाश बऱ्याच दिशांना परततो, पण तांबड्याची सगळ्यात जास्त गर्दी 42 अंशांवर होते, जांभळ्याची 40 च्या आसपास. हा कोन मोजायचा कुठून? सूर्याकडं पाठ करा. तुमच्या सावलीचं डोकं जिथं पडतं, तो धनुष्याचा मध्य. हात लांब करून वीत ताणा, ती साधारण 20 अंशांची. सावलीच्या डोक्यापासून दोन विती मोजा. धनुष्य तिथंच.

दुपारी सूर्य डोक्यावर, सावली पायाशी. तिथून दोन विती वर गेलं तरी नजर जमिनीतच! जूनमध्ये आपल्याकडं चारच्या सुमारास सूर्य 42 अंशांच्या खाली येतो. ओळखायचं कसं? सपाट जागेवर सावली तुमच्या उंचीपेक्षा थोडी लांब झाली की समजा वेळ झाली. मग पूर्वेला बघा. विजा कडाडत असतील तर मात्र रानात किंवा झाडाखाली थांबायचं नाही, घरातूनच बघायचं.

शेजारी उभ्या मित्राचं धनुष्य वेगळ्या थेंबांचं असतं, कारण त्याचे डोळे वेगळ्या जागी आहेत. संध्याकाळी लातूरहून अंबाजोगाईला एसटीनं निघालात आणि उजव्या खिडकीत ते दिसलं, तर पावसाची सर पसरलेली असेल तोवर ते तुमच्यासोबतच पळेल. त्याच्या टोकाशी कुणी पोचत नाही.

पाऊस नाही? हरभऱ्यात स्प्रिंकलर चालू असेल तिथं जा. अर्थात शेतीची लाइट दिवसाची असेल तर! सकाळी सूर्याकडं पाठ करून तुषारांत बघा. इथं थेंब नजरेच्या खालीही असतात, म्हणून ऊन चढल्यावरही तुकडा सापडतो.

कधीकधी वर दुसरं, फिकं धनुष्य दिसतं, साधारण 51 अंशांवर. त्यातला प्रकाश थेंबात दोनदा आदळून आलेला असतो, म्हणून रंगांचा क्रम उलटा: तांबडा आतल्या बाजूला. दोघांच्या मधला पट्टा बाकीच्या आभाळापेक्षा काळपट असतो, कारण तिथले थेंब तुमच्या डोळ्यांकडं हा प्रकाश जवळजवळ पाठवतच नाहीत. जोडीचा फोटो मिळाला तर आधी तो पट्टा शोधा, मग मला पाठवा.