हेल्गा श्मिड: सरचिटणीस म्हणजे साहेब नव्हे!

नमस्कार मंडळी! कमेंटमध्ये एकच धोशा चालू आहे: "श्मिडबाई ओएससीईच्या सरचिटणीस होत्या ना, मग युक्रेनचं युद्ध का नाही थांबवलं?" (ओएससीई म्हणजे युरोपातली सुरक्षा आणि सहकार्य संघटना.)

आधी या जर्मन मुत्सद्दी बाईंची कारकीर्द, झटपट. १९८८ला जर्मन परराष्ट्र खात्यात. पुढे मंत्री योश्का फिशर यांच्या कार्यालयात. २००६पासून ब्रुसेल्सला, युरोपीय संघाचे (ईयू) परराष्ट्र धोरणप्रमुख हाविएर सोलानांकडे. २०११ला ईयूच्या नव्या परराष्ट्र सेवेत उपसरचिटणीस, २०१६ला सरचिटणीस. इराण अणुकरार, जुलै २०१५, व्हिएन्ना: फोटोत मंत्री झळकले, पण मसुदा आणि पाच परिशिष्टांची घासाघीस करण्यात बाईंचा मोठा वाटा.

आता ओएससीई. कृपा करून तिला ईयू म्हणू नका! ५७ देश आहेत. रशिया, अमेरिका, अगदी मंगोलियासुद्धा. आणि तिथे बहुमत चालत नाही, एकमत लागतं. निर्णय बरेचदा असा होतो: अध्यक्ष देश मसुदा फिरवतो आणि मुदत देतो. तोवर सगळे गप्प राहिले तर मंजूर. एकानेही हरकत घेतली की मसुदा लटकला. सरचिटणीसांना यात मतच नाही.

पटत नाही? त्यांचीच नेमणूक बघा. जुलै २०२०मध्ये चार मोठ्या पदांची मुदत संपली, एकमत झालं नाही, चारही खुर्च्या रिकाम्या. डिसेंबरमध्ये चार नावं एकत्र बांधून मंजूर झाली, तेव्हा कुठे बाई आल्या.

मुदतवाढ? २०२३च्या डिसेंबरमध्ये स्कोप्येच्या (उत्तर मॅसिडोनियाची राजधानी) ओएससीई बैठकीत फक्त ४ सप्टेंबर २०२४पर्यंतची मिळाली. त्यानंतर पुन्हा डिसेंबरपर्यंत पद रिकामं.

आणि युक्रेन. तिथलं ओएससीईचं निरीक्षण पथक २०१४पासून होतं. ३१ मार्च २०२२ला मुदत संपली, रशियाने होकार दिला नाही, खेळ खलास. "बाईंनी सही करून वाढवायची ना!" अहो, कसली सही? अधिकारच नाही.

सचिवालयाच्या हातात उरते ती पळवाट. सामायिक बजेटला ५७ जणांचा होकार लागतो, देणगीदार देशांच्या पैशाला लागत नाही. म्हणून नोव्हेंबर २०२२ला युक्रेनसाठी मदत कार्यक्रम देणग्यांवर उभा केला. सुरुंग काढणं वगैरे कामं त्यातून चालतात. युद्धविरामावर नजर ठेवणं मात्र त्यात बसत नाही. त्यासाठी पुन्हा त्याच ५७ जणांच्या टेबलावर जावं लागतं.