पाच डॉलरची पावती

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेच्या उत्तरेला माँटाना नावाचं एक राज्य आहे. महाराष्ट्राहून मोठं, पण माणसं अगदी विरळ. १९७५-८० च्या सुमारास तिथे भरधाव गाडी हाकताना पोलिसाने अडवलं, तर तो दिवसा पाच डॉलरची पावती फाडायचा. पैसे तिथल्या तिथे द्यायचे आणि पुढे निघायचं. गंमत म्हणजे पावतीवरचा गुन्हा वेगाचा नव्हताच, तो होता इंधनाच्या नासाडीचा! लायसन्सवर त्याची नोंदही होत नसे. लोक पाच-पाच डॉलरच्या नोटा गाडीत तयारच ठेवायचे म्हणतात. यातलं खरं किती आणि रंगवलेलं किती, कोण जाणे.

आता राज्यच आपल्या कायद्याची अशी चेष्टा का करत होतं? कारण कायदा राज्याचा असला, तरी इच्छा राज्याची नव्हती.

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी अमेरिकेचं तेल रोखलं. पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. हळू चालवली की गाडी कमी तेल पिते, म्हणून देशभर ताशी ५५ मैल, म्हणजे साधारण ८९ किलोमीटर, ही कमाल मर्यादा आणायचं ठरलं. अडचण एकच होती. रस्त्यावरचा वेग ठरवणं हा तिथे राज्यांचा अधिकार. आपल्याकडे मोटार वाहन कायदा केंद्राचा आहे. कमाल वेग दिल्ली ठरवते आणि राज्यं त्याच्या आत राहतात. २०१८ मध्ये केंद्राने द्रुतगती मार्गांवर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा दिली, तरी मुंबई-पुण्याच्या रस्त्यावरची पाटी त्याच्या खालीच राहिली. अमेरिकेत वॉशिंग्टनला असं फर्मान काढता येत नव्हतं.

पण नाक दाबलं की तोंड उघडतं. ते नाक होतं रस्त्यांचा पैसा. १९५६ च्या कायद्यापासून आंतरराज्य महामार्गांचा ९० टक्के खर्च केंद्र उचलत होतं, तोही पेट्रोलवरच्या करातून. म्हणजे माँटानाच्या शेतकऱ्याने पंपावर भरलेला कर वॉशिंग्टनला जायचा आणि अटी लावून परत यायचा. २ जानेवारी १९७४ ला अध्यक्ष निक्सन यांनी सही केली: ५५ ची मर्यादा लावा, नाहीतर महामार्गांचा निधी विसरा. थोड्याच दिवसांत सगळ्या राज्यांत पाट्या बदलल्या.

एक गोष्ट मान्य करायला हवी. १९७३ मध्ये तिथे रस्त्यांवर सुमारे ५४ हजार माणसं मेली होती, १९७४ मध्ये ४५ हजार. सगळं श्रेय पाटीला देता येणार नाही, तेलच नसल्यामुळे गाड्याही कमी धावत होत्या. तरी मर्यादेच्या समर्थकांना तेलटंचाई संपली तरी पुरेल असा मुद्दा मिळाला.

नेवाडाने १९८६ मध्ये मात्र पंगा घेतला. वाळवंटातल्या महामार्गावर जेमतेम तीन मैलांच्या पट्ट्यात त्यांनी ७० ची पाटी लावली. कायद्यातच मेख मारून ठेवली होती, की केंद्राने निधी अडवला तर हा कायदा आपोआप रद्द. केंद्राने लगेच निधी अडवला, पाटी उतरली आणि नेवाडा कोर्टात गेला. तिथेही हरला.

तोवर हीच युक्ती दारूवरही चालली होती. राज्यांच्या अधिकारांचे कैवारी म्हणवणाऱ्या रेगन यांनीच १९८४ मध्ये कायद्यावर सही केली: दारू विकत घेण्याचं वय २१ करा, नाहीतर महामार्ग निधीतले पाच टक्के कापू. साउथ डकोटा सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९८७ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी हरलं. हे आमिष आहे, सक्ती नव्हे, असं न्यायालय म्हणालं. विरोधात मत देणाऱ्या न्यायमूर्ती ओकॉनर यांना दारूचं वय आणि रस्तेबांधणी यांचा संबंध ओढूनताणून जोडलेला वाटला. मला त्यांचं पटतं.

मग सक्ती कधी म्हणायची? ते उत्तर यायला २०१२ उजाडलं. केंद्राच्या नव्या कायद्यानुसार, गरिबांच्या आरोग्य योजनेचा विस्तार न केल्यास त्या योजनेसाठी राज्याला आधीपासून मिळणारा निधीही जाणार होता, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. साउथ डकोटाला धोका होता त्याच्या अंदाजपत्रकाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी रकमेचा. इथे दहा टक्क्यांहून जास्त रकमेचा. हे तर डोक्याला लावलेलं पिस्तूल आहे, असं सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी लिहिलं.

५५ ची मर्यादा १९८७ मध्ये ग्रामीण महामार्गांवर ६५ झाली आणि १९९५ मध्ये क्लिंटन यांच्या सहीने अटच गेली. अमेरिकेत लेकीकडे, मुलाकडे गेलेल्यांनी पाहिलं असेल, राज्याची हद्द ओलांडली की वेगाची पाटी बदलते, ती म्हणूनच.

माँटानाने तर दिवसा मोटारींसाठी आकडाच काढून टाकला. बेताने आणि सांभाळून चालवा, एवढाच नियम. पण बेताने म्हणजे किती? १९९८ मध्ये त्यांच्याच सर्वोच्च न्यायालयाने हा नियम संदिग्ध म्हणून रद्द केला. पुढच्या वर्षी विधिमंडळाने वेगाचा आकडा पुन्हा आणला, ७५. या वेळी निधीची धमकी कोणीच दिली नव्हती.

नमस्कार.