टॉन्सिल्स नसलेला मुलगा आणि बीटीके नावाचं प्रोटीन

१९५२ साल, वॉशिंग्टनमधलं वॉल्टर रीड आर्मी हॉस्पिटल. आठ वर्षांचा एक मुलगा परत परत आजारी पडतोय, ताप चढतो, इन्फेक्शन रक्तात पसरतं, औषधाने बरं वाटतं आणि थोड्या दिवसांनी पुन्हा तेच, असं चार वर्षांत तब्बल १९ वेळा झालंय. डॉक्टर ऑग्डेन ब्रूटन त्याचं सीरम, म्हणजे रक्तातलं पाणी, इलेक्ट्रोफोरेसिसला लावतात, या तपासणीत विजेच्या मदतीने त्यातली प्रोटीन्स वेगवेगळी करून दिसतात. ग्राफवर अल्ब्युमिन या प्रोटीनचा उंचवटा आहे, बाकीचे उंचवटे आहेत, पण जिथे गॅमा ग्लोब्युलिनचा उंचवटा हवा, म्हणजे आपल्या अँटिबॉडीज, तिथे सपाट रेघ.

ब्रूटननी त्याला दर महिन्याला गॅमा ग्लोब्युलिनची इंजेक्शनं सुरू केली आणि पोराचं ते सततचं आजारपण थांबलं. पण अँटिबॉडी बनतच का नव्हत्या, याचं उत्तर मिळायला १९९३ उजाडलं.

आता जरा पेशीच्या आत जाऊ. अँटिबॉडी बनवण्याचं काम बी सेल या पांढऱ्या पेशींचं. बी सेलच्या अंगावर रिसेप्टर, म्हणजे निरोप घेणारी प्रोटीन्स, असतात, जंतूचा तुकडा तिथे चिकटला की बातमी आत केंद्रकापर्यंत पोचायला लागते, आणि ती एकटं कुणी नेत नाही, एका प्रोटीनकडून दुसऱ्याकडे हातोहात जाते: आधी लिन, मग सिक, मग बीटीके. बीटीके पुढच्या एन्झाइमला जागं करतं, पेशीत कॅल्शियम वाढतं, जीन्स चालू होतात आणि पेशी भराभर वाढायला लागते. पुढे पक्की अँटिबॉडी बनायची तर बहुतेक वेळा टी सेल या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशीचाही होकार लागतो, तो येतो बी सेलवरच्या सीडी४० नावाच्या रिसेप्टरवरून.

ब्रूटनच्या त्या मुलासारख्या आजारात (एक्स-लिंक्ड अगॅमाग्लोब्युलिनेमिया) बीटीकेच बिघडलेलं असतं. आणि खरी गोम अशी की हीच साखळी बी सेलला लहानाचं मोठं व्हायलाही लागते, म्हणून या मुलांच्या बी सेल बोन मॅरोमध्येच अर्धवट राहून मरतात, जंतूशी गाठ पडायची वेळच येत नाही. घशात टॉर्च मारून बघितलं तर टॉन्सिल्स जवळजवळ नसतातच, कारण टॉन्सिल म्हणजे मुख्यतः बी सेलची वस्ती. जीन एक्स क्रोमोसोमवर असल्यामुळे त्रास जवळपास सगळा मुलग्यांना. पहिले काही महिने बाळ ठणठणीत दिसतं, कारण आईच्या अँटिबॉडी अंगात असतात, त्या संपल्या की कान वाहणं, न्यूमोनिया सुरू होतं. म्हणून सांगते, मुलग्याला असं वारंवार होत असेल तर इम्युनोग्लोब्युलिनची (म्हणजे अँटिबॉडीजची) तपासणी करायची का हे डॉक्टरांना नक्की विचारा. निदान झालेल्या मुलाला पोलिओचे तोंडावाटे थेंब चालत नाहीत, त्यातला विषाणू जिवंत असतो.

काही ब्लड कॅन्सरमध्ये उलट बी सेलमधला हाच निरोप थांबतच नाही, पेशी वाढतच राहतात. तिथे बीटीके मुद्दाम बंद करायचं असतं, आणि त्यासाठीचं इब्रुटिनिब हे औषध अमेरिकेत २०१३ मध्ये मंजूर झालं.

या आजाराच्या मुलांसाठी मात्र उपाय अजून ब्रूटनच्याच वाटेचा. हजारो अनोळखी लोकांच्या प्लाझ्मातून काढलेल्या अँटिबॉडीज, थेंब थेंब शिरेतून. साधारण तीन आठवड्यांत त्या निम्म्या होतात, म्हणून सलाइन काढायच्या आधीच आई पुढची तारीख विचारून घेते.