गावचं मातीचं धरण आणि रिकामी जागा

मंडळी, मातीचं धरण म्हटलं की आपला पहिला प्रश्न ठरलेला, पाणी किती साठणार आणि किती एकर भिजणार. पण पुरासाठी बांधलेल्या धरणाचं गणित उलटं असतं, तिथे किंमत आहे रिकाम्या जागेला. तलाव जुलैच्या सुरुवातीलाच काठोकाठ भरला आणि त्यावर जोराचा पाऊस झाला, की वरून येणारं बरंचसं पाणी सांडव्यावरून सरळ खालच्या वाडीकडे जाणार, मग बांध असून पुराला अडवलं कुणी?

अमेरिकेतल्या ओक्लाहोमात हे फार आधी ओळखलं. तिथे वॉशिटा नदीच्या खोऱ्यात एप्रिल १९३४ मध्ये हॅमन गावाजवळ पूर आला, १७ माणसं गेली. पुढे १९४४ च्या पूरनियंत्रण कायद्यात पूर अडवायच्या योजनेसाठी जी ११ खोरी निवडली त्यात वॉशिटा होतं आणि १९४८ मध्ये कॉर्डेल गावाजवळ क्लाउड क्रीक नावाच्या ओढ्यावर या योजनेतलं पहिलं छोटं मातीचं धरण उभं राहिलं. आज एकट्या ओक्लाहोमात अशी २,१०० च्या वर आहेत. मला त्यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्याला गेटच नाही. आतल्या बाजूला काँक्रीटची उभी विहीर, तिच्या तळापासून बांधाखालून पाइप, पाणी विहिरीच्या तोंडापर्यंत चढलं की आपोआप आत पडतं आणि पाइपातून जेवढं मावेल तेवढंच बाहेर येतं, त्यामुळे काही दिवसांत वरची जागा पुढच्या पावसासाठी परत रिकामी, रात्री दोन वाजता भर पावसात कुणाला चावी घेऊन पळायला नको. विहिरीच्या तोंडाखालची जागा गाळासाठी. आणि याच्या जोडीला वरच्या शेतांत बांधबंदिस्ती आणि गवत हवंच, नाहीतर गाळाची जागा लवकर भरते आणि मग पुराची जागा खायला लागते.

आता आपल्याकडचं. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं आणि खालच्या भेंदवाडीतली वीसच्या आसपास माणसं वाहून गेली. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. मला आजही याचा राग येतो, कारण मातीचा बांध सहसा फुटायच्या आधी खूप काही सांगत असतो. थोडा पाझर असणारच, पण बांधाच्या पायथ्याशी निघणारं पाणी काचेच्या ग्लासात धरून बघा. नितळ असेल तर लक्ष ठेवा, रोजचं लिहून ठेवा. गढूळ असेल तर पाण्याबरोबर भरावातली माती चाललीय, आत पोकळी होतेय, तिथे उद्यावर ढकलायचं नाही, खालच्या वाडीला त्याच दिवशी हलवायचं. भरावावर वाढलेली झाडंसुद्धा वाईट, झाड मेलं की मुळं कुजतात आणि पाण्याला आयती वाट मिळते.

दुसरं म्हणजे सांडवा. मातीच्या भरावावरून पाणी गेलं की तो कापला जायला फार वेळ लागत नाही, म्हणून सगळं जास्तीचं पाणी सांडव्यातूनच गेलं पाहिजे. आणि आपल्याकडे त्याच सांडव्यात कुणी मासे अडवायला जाळी लावतं, कुणी चार पोती टाकून वीतभर उंची वाढवतं. तुमच्या गावच्या सांडव्यात असं काही असेल तर मे महिन्यातच काढून घ्या, जूनमध्ये चिखल झाला की तिथे जेसीबी जात नाही.