दोरी ओढण्याआधी

[दृश्य : नेरूळ. पावसाने ओला रस्ता, स्टेडियमकडे सरकणारी निळी गर्दी.]

२ नोव्हेंबर २०२५, रविवार. ठाण्याहून सुटलेली लोकल नेरूळला पोचली, तेव्हा आमच्या डब्यात निम्म्याहून जास्त लोकांच्या अंगात निळी जर्सी होती. डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिला विश्वचषकाची अंतिम लढत, भारत विरुद्ध दक्षिण आफ्रिका. पावसामुळे सामना दोन तास उशिरा सुरू होणार होता. बाहेर फुटपाथवर झेंडे विकणाऱ्यांची आणि गालावर रंग काढून देणाऱ्यांची मात्र चांगलीच कमाई चालली होती.

एक सात-आठ वर्षांची मुलगी मान वर करून उभी होती. रंग काढणारा पोरगा घाईत. एका गालावर तिरंगा नीट उतरला. दुसऱ्या गालावर त्याने आधी हिरवा पट्टा ओढला, डोळ्याखाली, अगदी वर. मागे उभे असलेले एक आजोबा म्हणाले, "थांब बाळा, केशरी वर." पोराने जीभ चावली. ओल्या फडक्याने गाल पुसला, बोटाने कडा साफ केली आणि पुन्हा केशरीपासून सुरुवात केली. आईने मोबाइलचा कॅमेरा उलटा करून मुलीला तिचा चेहरा दाखवला. तेवढ्यावर ते मिटलं.

मी तिथेच थबकले, कारण ही चूक माझी ओळखीची आहे.

[दृश्य : ठाण्यातल्या एका शाळेचं रिकामं मैदान, ध्वजस्तंभ, वर कप्पी.]

मी नववीत होते. २६ जानेवारीची सकाळ. आदल्या संध्याकाळी झेंड्याची घडी घालायचं काम माझ्याकडे आणि माझ्या मैत्रिणीकडे होतं. घडीत झेंडूच्या पाकळ्या भरायच्या, वरून दोरीचा सैल फास टाकायचा, आणि ती पुरचुंडी कप्पीपर्यंत चढवून ठेवायची. पाहुण्यांनी दोरीला हिसका दिला की फास सुटतो, पाकळ्या पडतात, झेंडा उलगडतो. पुरचुंडी बांधलेली असेपर्यंत कुठला रंग कुठे आहे हे कुणालाही दिसत नाही. दोरी ओढल्यावरच कळतं.

पाहुण्यांनी दोरी ओढली. हिरवा वर आला.

राष्ट्रगीत सुरू झालं होतं आणि ते मध्ये थांबवायचं नसतं. बावन्न सेकंद. आठशे मुलं सावधानमध्ये उभी, आणि मी समोरच्या उलट्या झेंड्याकडे बघत गातेय. घशातून आवाज निघत नव्हता. गीत संपताच पी. टी.चे सर पुढे झाले, त्यांनी झेंडा खाली घेतला, दोरीची टोकं बदलली आणि पुन्हा चढवला. मग पाहुण्यांसमोर जाऊन म्हणाले, "चूक माझी. गाठ मी तपासायला हवी होती." आमची नावं त्यांनी घेतली नाहीत. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

म्हणूनच जगातल्या मोठमोठ्या स्पर्धांमध्ये झेंड्याची किंवा राष्ट्रगीताची गफलत झाल्याची बातमी आली, की मला आधी त्या खोलीतला माणूस आठवतो ज्याने बटण दाबलं. आणि लगेच समोर उभा असलेला खेळाडू.

[दृश्य : ग्लासगोतलं हॅम्पडेन पार्क, रिकाम्या खुर्च्या.]

२५ जुलै २०१२. लंडन ऑलिंपिकचं उद्घाटन व्हायचंय, पण महिलांचे फुटबॉल सामने आधीच सुरू झालेत. ग्लासगोला उत्तर कोरिया विरुद्ध कोलंबिया. खेळाडूंची ओळख करून देताना मोठ्या पडद्यावर उत्तर कोरियाच्या मुलींच्या फोटोशेजारी झेंडा झळकला, तो दक्षिण कोरियाचा. मुली मैदान सोडून आत गेल्या. तासाभराहून अधिक वेळ सामना रखडला. चूक सुधारल्यावर त्या परत आल्या, खेळल्या आणि २-० ने जिंकल्या.

ब्रिटनचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी ही प्रामाणिक चूक असल्याचं सांगितलं. असेलही. पण १९५० ते ५३ या युद्धानंतर दोन्ही कोरियांमध्ये फक्त युद्धबंदी झाली, शांततेचा करार आजवर झालेला नाही. अशा ठिकाणी समोरच्याचा झेंडा आपल्या नावाशेजारी दिसणं केवढी मोठी किंवा केवढी छोटी गोष्ट आहे, हे ज्यांच्या नावाशेजारी तो लागला त्यांनीच ठरवायचं. यजमानांनी नाही. त्या मुलींचं आत जाणं मला पटतं.

बारा वर्षांनी पॅरिसला हीच गफलत उलटी झाली. २६ जुलै २०२४, सीन नदीवरून खेळाडूंच्या बोटी चाललेल्या. दक्षिण कोरियाची बोट आली आणि निवेदकाने फ्रेंचमध्ये, मग इंग्रजीतही, नाव पुकारलं ते उत्तर कोरियाचं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष थॉमस बाख यांना दक्षिण कोरियाच्या राष्ट्राध्यक्षांना फोन करून माफी मागावी लागली.

[दृश्य : बास्केटबॉलचं कोर्ट, पिवळा प्रकाश.]

त्याच ऑलिंपिकमधला दोनच दिवसांनंतरचा प्रसंग मला जास्त लागतो. लिल शहरात दक्षिण सुदान विरुद्ध प्युर्टो रिको. दक्षिण सुदान हा देश ९ जुलै २०११ रोजी जन्माला आला. त्याआधी दोन प्रदीर्घ यादवी युद्धं झाली, सुदानपासून वेगळं होण्यासाठी. आणि ऑलिंपिक बास्केटबॉलमधल्या त्यांच्या पहिल्यावहिल्या सामन्याआधी गीत वाजलं ते सुदानचं. ज्या देशापासून सुटायला पिढ्या गेल्या, त्याचंच.

खेळाडू छातीवर हात ठेवून उभे होते. चेहऱ्यावर आधी गोंधळ, मग समजल्याची कळा. प्रेक्षकांनी आरडाओरडा केला तेव्हा गीत बंद झालं. काही मिनिटं तशीच गेली. मग खरं गीत लागलं आणि सगळं स्टेडियम टाळ्या वाजवत उभं राहिलं. दक्षिण सुदानने तो सामना ९०-७९ असा जिंकला.

एका यादीत 'सुदान'च्या खाली 'दक्षिण सुदान' असणार. बोट एक ओळ वर पडलं असणार. माझीही टोकं अशीच बदलली होती.

मेलबर्नला मात्र बटणाचा प्रश्न नव्हता, माणूसच वाजवत होता. २००३ ची डेव्हिस कप अंतिम फेरी, ऑस्ट्रेलिया विरुद्ध स्पेन. ट्रम्पेटवर जेम्स मॉरिसन, तिथला नावाजलेला कलावंत. त्याने मन लावून स्पेनचं राष्ट्रगीत म्हणून जे वाजवलं, ते १९३१ ते ३९ मधल्या प्रजासत्ताकाचं गीत होतं. ते प्रजासत्ताक यादवी युद्धात बुडालं, लाखो माणसं मेली, मग फ्रँकोची हुकूमशाही आली आणि त्यानंतर आजची राजसत्ता. स्पेनचे क्रीडामंत्री तिथे हजर होते, ते भडकले. भर स्टेडियममध्ये स्पेनच्या न भरलेल्या जखमेवरची खपली निघाली होती. वाजवणाऱ्याचा सूर एकही चुकला नव्हता. गीतच चुकीचं होतं.

मग एकदा आपणही यात आलो. २२ फेब्रुवारी २०२५, लाहोर, चॅम्पियन्स ट्रॉफी. सामना इंग्लंड-ऑस्ट्रेलियाचा, आणि ऑस्ट्रेलियाच्या गीताऐवजी क्षणभर 'भारत भाग्यविधाता' ऐकू आलं. भारताचे सामने तर दुबईत होते. इकडे मोबाइलवर तो तुकडा दिवसभर फिरला, लोक हसले. मला हसू आलं नाही. आपलं गीत मध्येच तोडलं जाताना ऐकलं आणि नववीतली सकाळ आठवली.

[दृश्य : जकार्ता, सेनायान स्टेडियमची जुनी छायाचित्रं.]

पण या सगळ्या चुका. जकार्तात १९६२ साली जे झालं ती चूक नव्हती, आणि त्याची झळ थेट आपल्या खेळाडूंना बसली.

एशियाड इंडोनेशियात होतं. यजमान सरकारने इस्राएल आणि तैवानच्या संघांना येऊच दिलं नाही. कारण राजकीय होतं, अरब देशांची आणि चीनची मर्जी राखण्याचं. गुरुदत्त सोंधी यांनी याविरुद्ध आवाज उठवला. एशियाडची कल्पना ज्यांनी मांडली, १९५१ मध्ये दिल्लीत पहिलं एशियाड ज्यांच्या खटपटीने झालं, ते हेच सोंधी. नियम मोडले असतील तर या स्पर्धेला एशियाड म्हणता येणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. भूमिका बरोबर होती. पण जकार्तात तिचा अर्थ लागला तो 'भारताने आमचा अपमान केला' असा. जमाव भारतीय वकिलातीवर चालून गेला, मोडतोड झाली. सोंधींना देश सोडावा लागला.

आणि ४ सप्टेंबरला फुटबॉलची अंतिम फेरी. भारत विरुद्ध दक्षिण कोरिया. लाखाच्या घरात प्रेक्षक, सगळे भारताच्या विरोधात. 'जन गण मन' सुरू झालं आणि गर्दीने हुर्यो उडवली. पुढे आपल्या मुलांच्या पायाला चेंडू लागला की हुर्यो. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम. जर्नेल सिंग हा मूळचा बचावपटू, डोक्याला टाके पडलेले, त्याला रहीमसाहेबांनी आघाडीवर उतरवलं. पहिला गोल पी. के. बॅनर्जी, दुसरा जर्नेल. भारत २-१ ने जिंकला. एशियाडमधलं फुटबॉलचं सुवर्ण त्यानंतर आपल्याला आजवर मिळालेलं नाही.

त्या दिवशी प्रेक्षकांत भारताच्या बाजूने ओरडणारे थोडके होते. त्यांत पाकिस्तानचा हॉकी संघ होता, असं पी. के. बॅनर्जी नंतर सांगत. त्याच एशियाडच्या हॉकी फायनलमध्ये ज्यांनी भारताला हरवलं होतं, ती ही माणसं. आज हस्तांदोलन करायचं की नाही यावर आपल्याकडे रात्र-रात्र चर्चा होते, तेव्हा मला ते थोडके लोक आठवतात.

चूक दुरुस्त कशी करावी, याचा सगळ्यात देखणा नमुना मला माहीत आहे तो बेसबॉलचा. ऑक्टोबर १९९२, अमेरिकेतलं अटलांटा. सामना टोरंटोच्या संघाशी. अमेरिकी मरीन सैनिकांच्या तुकडीने कॅनडाचा झेंडा उलटा मिरवला, मेपलचं पान खाली डोकं करून. कॅनडात संतापाची लाट उसळली. पुढचा सामना टोरंटोला होता. तिथे मरीन सैनिकांनी स्वतः मागणी केली, की कॅनडाचा झेंडा पुन्हा आम्हालाच घेऊ द्या. यावेळी पान सरळ होतं. टोरंटोच्या प्रेक्षकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

[दृश्य : १९३६ च्या बर्लिनचं स्टेडियम. मग तिरंग्याचा जवळून घेतलेला तुकडा, विणीचे धागे दिसतात.]

१९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये हैती आणि लिश्टेनश्टाइन या देशांना शोध लागला, की आपले झेंडे अगदी एकसारखे आहेत, वर निळा, खाली लाल. पुढच्या वर्षी लिश्टेनश्टाइनने आपल्या झेंड्यावर मुकुट चढवला. त्याच बर्लिनमध्ये, १५ ऑगस्टला, हॉकीच्या अंतिम सामन्याआधी आपल्या संघाने कपडे बदलायच्या खोलीत चरख्याच्या तिरंग्याला सलाम केला होता. ध्यानचंद यांनी ते आत्मचरित्रात नोंदवलंय. बाहेर मैदानावर त्यांच्यासाठी ब्रिटिश अमलातला झेंडा होता. जर्मनीला त्यांनी ८-१ ने हरवलं. ज्यांना आपला झेंडा खोलीचं दार लावून बघावा लागला, त्यांचे आपण वारस. दुसऱ्याचा झेंडा कुठल्या बाजूने वर धरायचा हे आपण माहीत करून घ्यायला हवं, असं मला फार मनापासून वाटतं.

[दृश्य : पुन्हा नेरूळ. रात्र, दिव्यांचे झोत.]

त्या रविवारी आधी दक्षिण आफ्रिकेचं राष्ट्रगीत झालं की आपलं, हे आता आठवत नाही. त्यांच्या गीतात पाच भाषा आहेत, हे मात्र मी शेजारच्या दोन कॉलेजच्या मुलींना सांगितलं. खोसा, झुलू, सेसोथो, आफ्रिकान्स, इंग्रजी. एकीने विचारलं, "भाषा कधी बदलते ते कळतं का ताई?" म्हटलं, कान देऊन ऐक. दोघी अगदी हलल्या नाहीत.

मध्यरात्रीच्या सुमारास हरमनप्रीतने शेवटचा झेल घेतला. ५२ धावांनी विजय, पहिला विश्वचषक. मी रडले, आजूबाजूचे सगळेच रडत होते. परतताना फुटपाथवर कागदी झेंडे पडलेले होते, ओले, पायाखाली आलेले. तो रंग काढणारा पोरगा सामान आवरून झाल्यावर ते एकेक उचलून पिशवीत भरत होता. मीही वाकले. आम्ही जवळजवळ चाळीस उचलले असतील.

[दृश्य : ठाणे, १४ ऑगस्टची संध्याकाळ. शाळेचं मैदान.]

आमचे सर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. तरी दर १४ ऑगस्टला संध्याकाळी ते शाळेत येतात. नवीन मुलींना घडी शिकवतात. केशरीकडचं टोक कुठलं, लाकडी गुल्ली कुठल्या फासात जाते, सगळं हातात देऊन. यंदा मीही गेले होते. पाकळ्या न भरता त्यांनी झेंडा एकदा चढवायला लावला, मला म्हणाले, "ओढ गं." मी दोरी ओढली. त्यांनी डोळ्यांवर हात धरून वर पाहिलं.

"हं. उतरव आता. उद्यासाठी बांधू."