बाहुलीच्या पोटातले दहा हजार डॉलर

हे हात नीट पाहा. उजव्या हाताच्या बोटांवर गोंदलंय ‘लव्ह’, डाव्या हाताच्या बोटांवर ‘हेट’. एकेका बोटावर एकेक अक्षर. हा माणूस स्वतःला धर्मोपदेशक म्हणवतो. दोन्ही पंजे एकमेकांत अडकवून झुंज लावतो आणि प्रेम द्वेषाला कसं लोळवतं, ते रंगवून सांगतो. ऐकणारी मोठी माणसं भारावून जातात. जॉन नावाचा एक पोरगा मात्र त्या बोटांवरची नजर काढत नाही.

चित्रपटाचं नाव ‘द नाइट ऑफ द हंटर’, साल 1955. चार्ल्स लॉटन या ब्रिटिश वंशाच्या नटानं दिग्दर्शित केलेला हा एकमेव चित्रपट. तो चालला नाही. 1962 मध्ये लॉटन गेला, आणि तोवर त्यानं दुसरा चित्रपट दिग्दर्शित केला नव्हता.

गोष्ट आहे 1930 च्या दशकातल्या मंदीची, ओहायो नदीकाठची. जॉनचा बाप बँक लुटतो, दोन माणसं मारतो, आणि पोलीस पोचायच्या आत दहा हजार डॉलर जॉनच्या धाकट्या बहिणीच्या, पर्लच्या, कापडी बाहुलीत कोंबतो. मग जॉनला शपथ घालतो: पर्लला जिवापाड जप, आणि पैशांबद्दल कुणालाही सांगू नकोस. आईलासुद्धा नाही. पुढच्याच क्षणी पोलीस त्याला मुलांच्या डोळ्यांदेखत जमिनीवर लोळवून बेड्या घालतात. बाप फासावर जातो. शपथ पोराच्या गळ्यात राहते.

तुरुंगात बापाच्या कोठडीत होता हॅरी पॉवेल, तोच गोंदलेल्या बोटांचा. रॉबर्ट मिचमनं तो साकारलाय. पैशांचा सुगावा लागलेला पॉवेल सुटल्यावर थेट त्या विधवेच्या दारात उभा राहतो आणि तिच्याशी लग्न लावतो.

या कथेला खऱ्या रक्ताचा वास आहे. हॅरी पॉवर्स नावाचा माणूस एकट्या बायकांना लग्नाच्या जाहिरातींतून गाठायचा. 1931 मध्ये वेस्ट व्हर्जिनियात त्याचे खून उघडकीला आले. त्यात एक विधवा होती आणि तिची तीन मुलंही. 1932 मध्ये त्याला फाशी झाली, माउंड्सव्हिलच्या तुरुंगात. मूळ कादंबरीचा लेखक डेव्हिस ग्रब त्याच माउंड्सव्हिलचा. त्याची कादंबरी 1953 मध्ये आली.

पण मला विचाराल, तर अंगावर काटा येतो तो पॉवेलच्या सुऱ्यामुळे नाही. काटा येतो, कारण सगळं गाव पॉवेलच्या बाजूनं आहे. शेजारीण स्वतः पुढाकार घेऊन विधवेला या लग्नाच्या भरीस पाडते. आणि पर्लला हा नवा बाप आवडतो! जॉनला शत्रूपासून पैसे लपवायचेत आणि बहिणीच्या मायेपासूनही.

आता हा प्रसंग. अंगणात पर्ल कात्री घेऊन बसलीये आणि नोटांमधून माणसांच्या आकृत्या कापतीये. पॉवेल दारात येतो. जॉन घाईघाईनं नोटा बाहुलीत कोंबतो, पण कापलेले दोन तुकडे वाऱ्यानं उडतात आणि पॉवेलच्या पायांजवळून निघून जातात. त्याचं लक्षच नाही. श्वास आपला अडकतो.

पॉवेल आईला मारतो. छायाचित्रकार स्टॅनली कॉर्टेझची ती चौकट एकदा पाहिली की डोळ्यांसमोरून हलत नाही: नदीच्या तळाशी मोटार, आत आई, पाणवनस्पतींच्या लयीत हलणारे तिचे मोकळे केस. तिच्या जागी पुतळा वापरला होता, हे कळल्यावरही फरक पडत नाही.

मुलं होडीतून पळतात. एका रात्री गोठ्याच्या माळ्यावर जॉनला दुरून भजनाचा सूर ऐकू येतो. क्षितिजावर घोडेस्वाराची काळी आकृती: पॉवेल. हा माणूस झोपतच नाही का, असं त्या पोराला वाटतं. ते दृश्य स्टुडिओतलं आहे. अंतर खूप भासावं म्हणून एका ठेंगण्या माणसाला तट्टावर बसवलं होतं.

लॉटनला लहान मुलं खपत नसत, अशी वदंता वर्षानुवर्षं चालत आली. पण चित्रीकरणाचे जपलेले तुकडे वेगळं सांगतात. कॅमेरा चालूच आहे, आणि पडद्यामागून लॉटनचा आवाज मुलांना एकेक वाक्य शांतपणे समजावतोय.

शेवटी मुलं रेचल कूपर या म्हातारीच्या आसऱ्याला येतात. ती साकारलीये मूकपटांच्या काळापासूनची नटी लिलियन गिश हिनं. बंदूक मांडीवर घेऊन रात्रभर राखण करणारी ही बाईच काय ती जॉनवर विश्वास ठेवते. सकाळी पोलीस पॉवेलला जमिनीवर दाबून धरतात. अगदी बापाला धरलं होतं तसंच. जॉन धावतो, त्याच्यावर बाहुली आपटतो, नोटा भसाभस बाहेर पडतात. हे तुमचे पैसे, घ्या परत, असं तो रडत ओरडतो. नंतर कोर्टात पॉवेलकडे बोट दाखवायला सांगतात, तर जॉन मानसुद्धा वर करत नाही.

नाताळ येतो. रेचलला द्यायला जॉनकडे काहीच नाही. तो एक सफरचंद उचलतो, लेसच्या रुमालात गुंडाळतो आणि तिच्या हातात ठेवतो. तिनं त्याला घड्याळ दिलंय. पूर्वी गावातल्या दुकानाच्या काचेआड असलेल्या घड्याळाकडे तो टक लावून बघायचा. आता स्वतःचं घड्याळ हातात घेऊन तो पायऱ्या चढतो.