उद्यमनगरात बनलेली हलणारी खुर्ची

(लेथ चालू. लोखंडाचा कीस उडतोय. पहिले दहा सेकंद नुसता आवाज.)

हा आवाज कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातला. इथं वर्षानुवर्षं ऑइल इंजिनचे, पंपाचे, शेतीच्या अवजारांचे पार्ट बनत आलेत, पण आत्ता चकमध्ये जो तुकडा फिरतोय ना तो गेम खेळायच्या खुर्चीचा आहे. माझ्या मावसभावाची खुर्ची. कॉम्प्युटरवर गाडी वळली की ही पण कलणार, ब्रेक मारला की पुढं झुकणार. अशा तयार खुर्च्या बाहेरून मागवता येतात, लाखांत जातात, आणि आमच्या गल्लीपासून चालत दहा मिनिटांवर असे हात आहेत जे ही इथंच बनवू शकतात, हे दाखवायलाच आम्ही कॅमेरा घेतला.

(जुना फोटो: लाकडी छोटं विमान, आत बसलेला माणूस.)

हा फोटो या शेडच्या मिस्त्रींच्या टेबलावर काचेखाली आहे, आम्हीच प्रिंट काढून दिला. एडविन लिंक, अमेरिकेतलं बिंगहॅम्टन गाव, 1929 साल. वडिलांचा ऑर्गन बनवायचा कारखाना होता, म्हणजे हवेवर वाजणारी पेटी, आणि पोराला विमान शिकायचं होतं पण शिकणं महाग, मग त्यानं ऑर्गनचे भाते आणि पंप घेऊन त्याच्यावर एक खोटं विमान बसवलं जे जागेवरच डोलतं. आधी ते लोकांनी जत्रेतल्या पाळण्यासारखं वापरलं, आणि 1934 मध्ये अमेरिकन लष्करानं 6 विकत घेतली. सहा पायांवर हलणारे प्लॅटफॉर्म, जे आज वैमानिकांच्या ट्रेनिंगला असतात, तशी रचना 1950च्या दशकात इंग्लंडमध्ये टायर तपासायला बनली होती. सांगायचं एवढंच की सिम्युलेटर, म्हणजे जागेवरच खऱ्यासारखं चालवल्याचा अनुभव देणारं यंत्र, पहिल्यांदा भाते शिवणाऱ्या, लाकूड तासणाऱ्या कारागिरांच्या शेडमधून बाहेर पडलाय, आणि ही समोरची शेड काय वेगळी नाही.

आता खाली बघा. दीड इंची चौकोनी पाईपची फ्रेम. मधोमध जो उभा खांब आहे त्याच्या डोक्यावर जीपच्या प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस बसवलाय. जीपमध्ये हा क्रॉस इंजिनची ताकद वाकड्या शाफ्टमधून मागच्या चाकाला पोचवतो, इथं तो फिरत नाही, नुसता पुढं-मागं आणि डावी-उजवीकडं झुकू देतो. त्याच्यावर मारुती झेनची भंगारातली सीट. ही सीट नेमकी कुठं बसवायची यात आमचे तीन दिवस गेले. भाऊ बसायचा, मिस्त्री एका बोटानं ढकलायचे, सीट मागं पडली की वेल्डिंगचा टाका तोडायचा, दोन बोटं पुढं घ्यायची, परत टाका. माणसासकट सगळं वजन त्या क्रॉसवर तोललं गेलं पाहिजे, म्हणजे मोटारीला वजन उचलावं लागत नाही, फक्त कलवावं लागतं. हे तोलणं साधलं म्हणून साध्या वायपरच्या मोटारी पुरल्या, नाहीतर दहापट महागाच्या लागल्या असत्या.

(वायपर मोटार उघडलेली, क्लोजअप.)

ही ती मोटार. आत वर्म गिअर आहे, म्हणून वेग कमी आणि जोर जास्त, मिनिटाला साधारण 60 फेरे. अशा दोन, सीटच्या मागं. प्रत्येकीच्या शाफ्टवर 50 मिलिमीटरचा लिव्हर, लिव्हरपासून रॉड वर सीटच्या पाठीला, दोन्ही टोकांना रॉड एंड बेअरिंग, म्हणजे रॉडला हवं तसं वळू देणारा सांधा. दोन्ही रॉड एकदम वर गेले की सीट पुढं झुकते, एक वर एक खाली गेला की बाजूला कलते. दोन रॉडमधलं अंतर 600 मिलिमीटर, म्हणजे जास्तीत जास्त साधारण साडेनऊ अंश. तेवढंच? हो, तेवढंच लागतं. साडेनऊ अंश कललात की तुमच्याच वजनाचा सहावा भाग तुम्हाला बाजूला ओढतो, आणि स्क्रीन सीटलाच जोडलेला असल्यामुळं डोळ्यांना खोली कललेली कळत नाही, समोर फक्त रस्ता असतो, मग मेंदू ते ओढणं वळणाचं समजतो. डाव्या वळणाला गाडीत माणूस उजवीकडं फेकला जातो, म्हणून सीट उजवीकडं.

एक गोष्ट मात्र नीट बघा, कारण इथं आम्ही दोन आठवडे अडकलो. या मोटारीची बॉडीच अर्थ असते, म्हणजे करंट परत जायची वायर वेगळी नसते, तो बॉडीतूनच जातो. गाडीत ती एकाच बाजूला फिरते म्हणून चालतं, पण आपल्याला उलटसुलट फिरवायची, करंट उलटा केला की सगळ्या लोखंडी फ्रेममध्ये शॉर्ट. मिस्त्रींनी मोटार खोलली, ब्रशची अर्थ कापली, वेगळी वायर बाहेर काढली, पातळ फायबरच्या पट्टीनं बॉडीपासून सोडवली. दोन्ही मोटारी, एका दुपारी. आम्ही इंटरनेटवर शोधत बसलेलो, त्यांनी नुसतं टेस्टर लावून सांगितलं, "पोरांनो, अर्थ बॉडीतच हाय की."

आणि सुरुवातीला लेथवर दिसला तो बुश, म्हणजे दोन भागांच्या मध्ये बसणारी पोकळ नळी. मोटारीच्या शाफ्टला बारीक दाते, लिव्हरला सरळ भोक, मध्ये हा बुश. जरा सैल राहिला तर लिव्हर घसरतो, फार घट्ट झाला तर दाते मोडतात. मिस्त्री व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायची पट्टी, एकदाच लावतात. नंतर हातानं बसवून बघतात, काढतात, परत टूल लावतात.

(बुश शाफ्टवर बसतो. टक् असा आवाज. निवेदन नाही.)

स्क्रीनवरच्या या दोन रेषा बघा. वरची म्हणजे गेम सांगतोय सीट कुठं पाहिजे, खालची म्हणजे सीट खरंच कुठं आहे. शाफ्टला 10 केचा पॉट जोडलाय, म्हणजे शाफ्ट किती फिरला ते सांगणारं रेडिओच्या आवाजाच्या बटणासारखं बटण, आणि आर्डुइनो नावाचा छोटा कंट्रोलर बोर्ड तो 0 ते 1023 या आकड्यांत वाचतो आणि फरक भरून काढायला मोटार फिरवतो. सेटिंग जास्त तिखट ठेवलं की सीट थरथर कापते, मऊ ठेवलं की उशिरा पोचते. पहिल्या दिवशी दोन्ही रेषा एकमेकींपासून लांब, आता जवळजवळ एकावर एक.

मधल्या दीड महिन्यात एकदा पॉट निसटून मोटार फिरतच राहिली, भावाच्या गुडघ्याला तीन टाके पडले, त्यानंतर सगळं एकदम बंद करायला लाल बटणाचा स्विच आला, एक पॉवर सप्लाय जळला, आणि शेजारच्यांनी सांगितल्यापासून रात्री नऊला बंद करतो.

(नूरबर्गरिंग. रस्ता, मग भावाचा चेहरा, मग सीट.)

आता गेममध्ये जर्मनीतला नूरबर्गरिंगचा जुना रेसचा रस्ता, 20.8 किलोमीटर. हे कारुसेल वळण, आतल्या बाजूला सिमेंटच्या फरशा. प्रत्येक जोडावर सीट बारीक हादरते, भावाचे खांदे बघा, ते त्यानं मुद्दाम नाही हलवलेले. कोल्हापुरात मोहिते ट्रॅकवर तो कार्टिंग करतो, परवडेल तेव्हा. बाकीचे दिवस आता इथं.

शेवटी मिस्त्री बसले. स्टिअरिंगला हातच लावला नाही त्यांनी, भावाला म्हणाले तू कीबोर्डवरून चालव, आणि डोळे मिटून बसले.

(अर्धा मिनिट. सीट हलते आहे.)

"डावीकडचा रॉड वाजतोय. उद्या सकाळी घेऊन ये, बेअरिंग बदलू."